पोळ्यांचा हिशेब आणि तीन व्यवस्था

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी या सत्राला 'भांडवलशाही, समाजवाद आणि साम्यवाद : एक तुलना' असं भारदस्त नाव दिलंय. काल रात्री अंथरुणं घालताना एका मुलीनं मला विचारलं, "ताई, उद्याचं परीक्षेसारखं असणार का हो?" तिची भीती खोटी नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना मीसुद्धा हा विषय परीक्षेसारखाच शिकले. वहीत तीन रकाने आखले होते. मालकी कोणाची, उत्पादन कशासाठी, वाटप कसं, सरकारचं काम काय. तीनही रकाने पाठ केले, मार्क बरे पडले, आणि पुढची दहा वर्षं वस्तीत काम करताना त्या वहीची मला एकदाही आठवण झाली नाही. झाली ती गेल्या वर्षी, एका भांडणात.

आमच्या वस्तीत बारा जणींचं पोळी-भाजी केंद्र आहे. सुरुवातीला तिघींनी बचत गटातून दहा-दहा हजार उचलून भांडवल घातलं. एकीनं आपली पुढची खोली वापरायला दिली, भाडं घेतलं नाही. पोळीमागे मजुरी ठरलेली. कोणी किती लाटल्या ते रोज वहीत लिहायचं. मार्चअखेर मजुरी, पीठ, तेल, गॅस सगळं जाऊन ८४ हजार रुपये शिल्लक राहिले. एवढे पैसे एकत्र आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. ते वाटायचे कसे यावर बैठक बसली आणि साडेतीन तास उठली नाही.

पैसे घातलेल्या तिघी आणि खोलीवाली म्हणाल्या, "आम्ही जोखीम घेतली. केंद्र बुडालं असतं तर कर्ज आम्ही फेडलं असतं. तुम्हाला मजुरी मिळालीय, शिल्लक आमची." चटचट लाटणाऱ्या पाच-सहा जणी उसळल्या. "शिल्लक आली कुठून? आमच्या हातातून आली. वही काढा, जिच्या पोळ्या जास्त तिला पैसे जास्त." एक बाई होती, तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं, चार महिने येऊ शकली नव्हती. ती काहीच बोलली नाही. तिच्या वतीनं दुसरी बोलली, "हिला दोन पोरं, नवरा टाकून गेलाय. हिला गरज सगळ्यांत जास्त. मग वही कशाला बघायची?"

मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं की माझे तीन रकाने समोर बसून भांडताहेत.

ज्यानं भांडवल घातलं त्याची मालकी, मालकाचा नफा, आणि कामगाराला बाजारभावानं मजुरी, ही भांडवलशाही. कारखाना, जमीन, बँका यांची मालकी समाजाची, आणि जो जितकं काम करील त्याला तितका मोबदला, हा समाजवाद. प्रत्येकानं आपल्या कुवतीप्रमाणे काम करावं आणि गरजेप्रमाणे घ्यावं, वर्ग उरू नयेत, पुढे राज्यसंस्थाही उरू नये, हा साम्यवाद. मार्क्सनं १८७५ साली एका टिपणात यातल्या शेवटच्या दोन अवस्था एकाच प्रवासाच्या खालच्या-वरच्या पायऱ्या म्हणून मांडल्या, आणि पुढे लेनिननं खालच्या पायरीला समाजवाद म्हणायचा पायंडा पाडला. म्हणून "रशियात साम्यवाद होता" हे आपण सहज म्हणतो ते नेमकं नाही. सत्तेवर कम्युनिस्ट पक्ष होता, पण देशाचा दावा समाजवाद आणल्याचा होता. साम्यवाद आम्ही आणला असं त्यांनीही म्हटलं नाही. तो पुढे येणार होता.

त्याच टिपणात मार्क्स आणखी एक गोष्ट सांगतो, ती आमच्या वहीत नव्हती. वाटप करायच्या आधी काही बाजूला काढायचं : यंत्रांची झीज, अडीअडचणीची तजवीज, शाळा, आरोग्य, आणि ज्यांना काम करता येत नाही त्यांच्यासाठी. हे मला आधी ठाऊक असतं, तर ऑपरेशनवाल्या बाईला कुणाच्या दयेवर सोडायची वेळ त्या बैठकीत आली नसती.

पण भांडण इथे संपलं नाही. सगळ्या जणी ओरडून दमल्यावर दाराशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आणि माझी भांडी?"

या मावशी पहिल्या दिवसापासून केंद्रात येतात. पराती, टोप, कढया घासतात, ओटा धुतात, पाणी भरतात. लाटत नाहीत. म्हणून वहीत त्यांचं नावच नव्हतं. महिन्याला ठरीव रक्कम मिळायची, ती लाटणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी. त्या मातंग समाजाच्या, आमच्यातल्या एकट्या. त्या भांड्यांवरच का, लाटायला का नाहीत, हे वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी, जी जातिव्यवस्थेवर सत्रं घेते! त्या कामात तरबेज आहेत असं मी मनात धरून चालले होते. हे सांगताना मला लाज वाटते, पण ते गाळून मी हा विषय मांडू शकत नाही. त्या दिवशी वाद घालणारे तीनही पक्ष एका बाबतीत एक होते : मावशींचं काम कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. या तीन व्यवस्थांची तुलना नेहमी गिरणीच्या दारात उभं राहून होते. गिरणी कोणाची, नफा कोणाचा. आपण ती चुलीपाशी उभं राहून करून पाहू. भाकरी कोण भाजतं, त्याचा हिशेब कोण ठेवतं, आणि हिशेब चुकला तर भाकरी भाजणारीला बोलता येतं का?

गिरणीपासूनच सुरू करते, कारण माझी आजी तिथली. परळच्या चाळीत एका खोलीत तिची खानावळ होती. चौदा गिरणी कामगार जेवायचे. बरेचसे गावाकडचे, बायका कोकणात नाहीतर घाटावर राहिलेल्या. त्या शेत राखायच्या, म्हाताऱ्यांना सांभाळायच्या, पोरं वाढवायच्या. हे सगळं मुंबईत पगारातून करायचं झालं असतं तर गिरणी मालकाला किती पगार द्यावा लागला असता? गावातली बाई आणि मुंबईतली खानावळवाली, दोघींनी मिळून तो खर्च उचलला. मालक पाळीपुरते पैसे मोजायचा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पोट भरून, धुतलेले कपडे घालून भोंग्याला हजर राहायचा, त्याचे पैसे कोणाच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. भांडवलशाहीबद्दल पुष्कळ वाचलं, पण ती मला उमगली ती आजीच्या खोलीवरून.

गिरण्यांत बायका नव्हत्या असं नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, बहुतेक सूत गुंडाळायच्या खात्यांत. बाळंतपणाच्या रजेतल्या भत्त्याचं विधेयक १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली कायदा झाला. पुढे नवी यंत्रं आली, कामाची नव्यानं आखणी झाली, आणि बायका हळूहळू बाहेर ढकलल्या गेल्या. जी स्वस्त पडते तोवर हवी आणि हक्क मागते तेव्हा महाग, असा तो हिशेब होता. त्याच गिरण्यांत साचेखात्यात, जिथे पगार बरा, तिथे दलितांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. १९३६ साली त्यांनी लिहिलं की जात ही श्रमांचीच नव्हे तर श्रमिकांची वाटणी आहे. आमच्या केंद्रात मावशी दाराशी बसल्या होत्या, त्या या वाटणीमुळेच.

भांडवलशाहीचं देणं नाकारू नये. खुद्द मार्क्स-एंगल्सनी १८४८ साली तिनं जुनी बंधनं कशी तोडली ते मोकळेपणानं लिहिलंय. स्वतःच्या नावानं पगार घेणारी मुलगी बापासमोर वेगळ्या आवाजात बोलते, हे आपण रोज पाहतो. पण तो आवाज पगार असेतोवर टिकतो.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजी सांगायची, चौदातले नऊ गडी उधारीवर जेवत राहिले. किती महिने, ते तिनं मोजलं नाही. तिच्या हातातल्या बांगड्या गेल्या. संपाचे पुढारी, मालक, सरकार यांच्यावर पुस्तकं आहेत. उधारीवर वाढलेल्या ताटांवर फार थोडं लिहिलं गेलं. आणि माझे आजोबा लाल बावट्याचे, कामगार मैदानावरची एक सभा चुकवली नाही. पण जेवल्यावर स्वतःचं ताट त्यांनी कधी उचललं नाही. मला ते फार आवडायचे, म्हणून हे बोलायला जड जातं.

याच गिरणगावात एक वेगळी गोष्टही घडली. कम्युनिस्ट चळवळीत आणि कामगार संघटनेत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, म्हणून तारण नसलेल्या बायकांना बँकेकडून कर्ज मागण्याची वाट थोडी तरी उघडली. त्याआधी सावकारच होता. आता बघा, बाजारातला धंदा, सरकारी मालकीची बँक आणि कम्युनिस्ट कार्यकर्तीची संघटना, तिन्ही एका चुलीपाशी आले. वहीतले रकाने असे एकमेकांत मिसळतात.

आता रशियाकडे जाऊ. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बायांचा प्रश्न सरकार चालवणाऱ्यांनी एवढ्या गंभीरपणे पहिल्यांदाच घेतला तो तिथे.

८ मार्च १९१७. पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी काम टाकून रस्त्यावर आल्या. त्या दिवसापासून जे सुरू झालं त्यात आठवड्याभरात झार गेला. आपण ८ मार्चला रांगोळ्या आणि पाककृती स्पर्धा भरवणाऱ्यांना हे जरूर सांगावं. नोव्हेंबरात बोल्शेविक सत्तेवर आले आणि अलेक्झांड्रा कोलोन्ताय समाजकल्याण खात्याच्या मंत्री झाल्या. १९१८ च्या कुटुंब कायद्यानं लग्न नोंदणीचं केलं, घटस्फोट सोपा केला, लग्नाबाहेरच्या मुलाला औरस मुलाइतकेच हक्क दिले. १९२० साली गर्भपात कायदेशीर झाला, जगात पहिल्यांदा. १९१९ साली पक्षात बायकांचा स्वतंत्र विभाग निघाला, झेनोत्देल त्याचं नाव. इनेसा आर्मां आणि नंतर कोलोन्ताय त्याच्या प्रमुख. त्यांची मागणी नुसती मताची किंवा पगाराची नव्हती. सार्वजनिक भोजनगृहं, धुलाई केंद्रं, पाळणाघरं हवीत. स्वयंपाकघर घरातून उचलून समाजात नेलं तरच बाई मोकळी होईल, असं त्या म्हणत होत्या. १८८४ साली एंगल्सनं कुटुंबाच्या उगमावर जे पुस्तक लिहिलं त्यातला हा धागा होता.

पुढे काय झालं? देश युद्धानं आणि दुष्काळानं मोडलेला. भोजनगृहं निघाली, पण जेवण बेताचं आणि पैसा अपुरा. सत्तेनं पैसा आधी अवजड उद्योगांत घातला. पोलाद आधी, पाळणाघर नंतर. १९३० साली झेनोत्देल बंद केलं गेलं, स्त्रियांचा प्रश्न आता सुटला या सबबीवर. १९३६ साली गर्भपातावर बंदी आली, घटस्फोट महाग केला. १९४४ साली तो आणखी अवघड झाला. बंदी उठली १९५५ मध्ये. म्हणजे एका पिढीनं दिलेला हक्क एका हुकमानं गेला आणि एका हुकमानं परत आला. मधल्या काळात मोर्चा काढायची सोय नव्हती, कारण बाहेर संघटना उरलीच नव्हती.

तरी रशियातल्या बायका शिकल्या, इंजिनियर झाल्या. डॉक्टरांत तर बहुसंख्य बायका. १९६३ साली तेरेश्कोवा अवकाशात गेली. हे सगळं खरं आहे, आणि ते अमेरिकेतल्या बायकांच्या आधी झालं. पण डॉक्टरकीचा पगार कुशल कामगाराच्या पगारापेक्षा मागे राहिला, पॉलिटब्युरोत सत्तर वर्षांत बायका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि कामावरून सुटल्यावर दुकानापुढची रांग बाईचीच. कारखाना समाजाच्या मालकीचा झाला, चूल बाईच्या मालकीची राहिली. ही मालकी बदलायला कुणी पुरुष घाईत नव्हता.

चीनमध्ये याच्या उलट टोकाचं झालं, आणि ते समजून घेतल्याशिवाय आपण 'स्वयंपाक सामूहिक करा' अशी घोषणा देऊ नये. १९५० च्या विवाह कायद्यानं सक्तीची लग्नं आणि बालविवाह बंद केले, बाईला घटस्फोटाचा हक्क दिला. फार मोठी गोष्ट. मग १९५८ साली कम्यून आले आणि गावोगाव सामूहिक भोजनगृहं उघडली. घरच्या चुली बंद, कित्येक ठिकाणी घरच्या कढया पोलादाच्या भट्टीत वितळवल्या. बाया शेतावर निघाल्या. कागदावर पाहिलं तर कोलोन्ताय यांचं स्वप्नच ते. पण धान्य वरून फुगवलेल्या आकड्यांप्रमाणे उचललं गेलं, आणि जेवण वाढणारा डाव गेला गावातल्या पक्षाच्या माणसाच्या हातात. जो विरोधात बोलला त्याच्या वाडग्यात पातळ पेज. घरी चूल नाही, कढई नाही, बोलायला जागा नाही. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. शेतावरच्या कामाचे गुणही सारखे नव्हते. पुरुषाला दिवसाचे दहा तर बाईला साधारण सहा ते आठ, आणि घरी आल्यावरच्या कामाचे शून्य.

तेव्हा चूल घरातून बाहेर नेणं पुरत नाही, डाव कोणाच्या हातात जातो ते पाहावं लागतं.

स्वीडनचं नाव कोणीतरी काढणारच, म्हणून थोडक्यात. स्वीडन समाजवादी देश नाही. कारखाने खाजगी मालकीचे आहेत. सरकार भरपूर कर घेऊन पाळणाघरं, शिक्षण, दवाखाने चालवतं. तिथे १९७४ साली बाळंतपणाच्या रजेऐवजी आई-बाप दोघांची रजा आली. बाप ती घेईनात. १९९५ साली एक महिना बापानंच घ्यायचा, नाहीतर बुडेल, असा नियम केला, पुढे तो तीन महिन्यांपर्यंत वाढवला. तरी आजही एकूण रजेतले साधारण तीस टक्के दिवस पुरुष घेतात. क्यूबानं १९७५ च्या कायद्यात नवऱ्यानं घरकामात वाटा उचलावा असं लिहूनच ठेवलं. कायदा लिहिल्यानं कुणी भांडी घासायला बसलं नाही. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला आइसलंडच्या जवळजवळ नव्वद टक्के बायकांनी नोकरी, घर, मुलं सगळं एक दिवस सोडलं. बापांनी पोरं ऑफिसात नेली, दुकानांतली सॉसेजं संपली, असं तिथले लोक अजून सांगतात. पुढच्या वर्षी समान वागणुकीचा कायदा झाला. तो मिळाला मागितल्यामुळे, आणि मागता आलं कारण तुरुंगात कोणी घातलं नाही.

आणि जे गेलं त्याचाही हिशेब ठेवायला हवा. पूर्व जर्मनीत बहुतेक सगळ्या बायका नोकरी करत होत्या, पाळणाघर गल्लोगल्ली होतं, १९७२ पासून बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात हक्कानं होता. १९९० साली दोन जर्मनी एक झाल्या. भिंत पडली, पाळत गेली, बोलायला मिळालं. पण कारखाने बंद पडले तेव्हा नोकऱ्या गमावणाऱ्यांत बायका मोठ्या प्रमाणात होत्या, पाळणाघरं आटली, आणि गर्भपाताचा कायदा १९९५ साली पूर्वीपेक्षा आखडता झाला : समुपदेशनाची अट पाळली तर शिक्षा नाही, एवढंच. तिथल्या बाईला 'तुला कोणती व्यवस्था बरी वाटली?' असं विचारलं तर ती काय सांगेल? मला वाटतं ती विचारील, मला एकाच वेळी पाळणाघर आणि मोकळं तोंड का मिळू नये?

आपल्याकडे १९७६ साली घटनेच्या सरनाम्यात 'समाजवादी' शब्द घातला गेला. १९७५ साली अंगणवाडी सुरू झाली, म्हणजे सरकारनं मूल सांभाळण्याची जबाबदारी थोडी का होईना घेतली. पण ती सांभाळणारीला पगार नाही, मानधन. ती कर्मचारी नाही, सेविका. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. १९९१ नंतर बाजार आला. त्यानं नोकऱ्या दिल्या, मॉल दिले, आणि केटररच्या गाडीबरोबर पोळ्या लाटायच्या कामाचं कंत्राटही दिलं. बाजार असो की सरकार, बाईच्या हाताला 'सेवा' म्हणताना दोघांचं एकमत होतं. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष हे काम करतात ते ८८ मिनिटं.

संघटनांबद्दलही बोलायला हवं, कारण आपण सगळ्या संघटनेतल्या आहोत. १९७२ साली महागाईविरोधात लाटणं मोर्चा निघाला तेव्हा समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एकत्र होत्या. त्यांच्या पक्षांतले पुरुष तत्त्वावरून भांडत असताना या बायका रॉकेल आणि तेलावरून एक झाल्या. आणि २०१५ साली केरळात, जिथे कम्युनिस्ट अनेकदा सत्तेवर आले, जमीन सुधारणा झाल्या, मुन्नारच्या चहामळ्यांतल्या बायकांना बोनससाठी स्वतःच रस्त्यावर बसावं लागलं. पुरुष पुढाऱ्यांच्या युनियनांना त्यांनी आंदोलनात येऊ दिलं नाही. आमचे बावटे घेऊन आम्हाला विचारता किती, हा त्यांचा सवाल होता. तो मला योग्य वाटतो, आणि म्हणून बावटेच नकोत असं मात्र मला वाटत नाही. बावट्याशिवाय आजोबांना आठ तासांचा दिवस मिळाला नसता.

कुणी मला विचारील, तुझी बाजू कोणती? मी समाजवादाच्या बाजूची आहे. दवाखाना, शाळा, पाळणाघर, रेशन, पाणी या गोष्टी नफ्यासाठी चालू नयेत, असं वस्तीत काम करून माझं पक्कं मत झालंय. पण ज्या समाजवादात बाईला वेगळी संघटना ठेवता येत नाही, त्यात मला राहायचं नाही. आणि घरातलं काम व जातीनं वाटलेलं काम ज्याच्या वहीत नाही, तो हिशेब मला अपुरा वाटतो, मग त्यावर बावटा कोणताही असो.

आमच्या केंद्राचं काय झालं ते सांगून थांबते. तीन बैठका लागल्या. भांडवल घातलेल्या तिघींना व्याज द्यायचं, नफा नाही, असं ठरलं. त्यात ३ हजार ६०० गेले. खोलीचं वर्षाचं भाडं १२ हजार. आजारपणाच्या निधीसाठी २० हजार बाजूला काढले. उरलेले ४८ हजार ४०० कामाच्या तासांप्रमाणे वाटले, आणि घासण्याचा तास लाटण्याच्या तासाइतकाच धरला. वही नवीन केली. मावशींचं नाव त्यात आलं, मागच्या वर्षाचे तास अंदाजानं धरून.

भांडी आठवड्याच्या पाळीनं सगळ्यांनी घासायची, आणि मावशी लाटायला बसणार, हे ठरलं त्या दिवशी दोघी केंद्र सोडून गेल्या. एकीनं गिऱ्हाइकाचं कारण दिलं, दुसरीनं तेही दिलं नाही. एका ऑफिसची साठ पोळ्यांची रोजची ऑर्डर गेली. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हाला कळलं. दिवाळीनंतर दोघींतली एक परत आली. मावशींच्या पोळ्या सुरुवातीला जाड व्हायच्या, त्यावरून एक-दोन टोमणे झाले. आता होत नाहीत. पोळ्याही आणि टोमणेही.

ऑपरेशनवालीला निधीतून सहा हजार दिले. तिला ते घेताना संकोच वाटला, म्हणून वहीत 'मदत' हा शब्द खोडून 'खाड्याची भरपाई' असं लिहिलं.

सध्या वाद चालू आहे तो वेगळ्या गोष्टीवर. एकीची सासू अंथरुणाला खिळलीय, तिचं सगळं करावं लागतं म्हणून तिचे महिन्यात अकरा खाडे झाले. हे खाडे निधीतून भरायचे का? सात जणी हो म्हणतात. चौघी म्हणतात, सासूचं करणं हे घरचं काम, ते केंद्रानं का भरावं; आणि भरायचं तर तिच्या नवऱ्यानं दोन दिवस रजा का घेऊ नये? चौघींचं म्हणणंही मला सोडून देण्यासारखं वाटत नाही. रविवारी बैठक आहे. मला इथून थेट तिथेच जायचंय, तेव्हा चर्चेत पहिल्यांदा यावर तुमचं मत सांगा.